कार्व्हर वाचून झाल्यावर पुढे काय वाचावे?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ वाचून संपले, त्यातली काही प्रकरणे पुन्हा वाचली, आणि आता याच तोडीचे पुस्तक कोणते घ्यावे, प्रेरणा देणारे चरित्र की एखादी चांगली कादंबरी, असे तू विचारले आहेस. सोबत यादीही मागितली आहेस. यादी देणे अवघड नाही, पण अशा याद्यांचा माझा अनुभव असा की, वाचणारा दुसऱ्या-तिसऱ्या नावाशी थांबतो, कारण त्या नावांमागे त्याचा स्वतःचा प्रश्न नसतो. पुढचे पुस्तक हे आधीच्या पुस्तकाने मनात ठेवलेल्या प्रश्नातून निघावे, आणि चरित्र वाचल्यावर त्याच प्रश्नाला भिडणारी कादंबरी शोधावी, असे मला मनापासून वाटते. हे पत्र त्यासाठीच लिहितो आहे.

कार्व्हरचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेला, तान्हा असतानाच आईपासून तुटलेला एक मुलगा शिक्षणासाठी गावोगाव फिरतो, वनस्पतिशास्त्र शिकतो आणि १८९६ साली संस्थाप्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून अलाबामातील टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेत शिकवायला जातो. तिथे प्रयोगशाळा नसते, म्हणून टाकाऊ बाटल्या आणि भांडी गोळा करून तो ती उभारतो. वर्षानुवर्षे कापूसच घेतल्यामुळे निकस झालेल्या जमिनीत भुईमूग आणि चवळीसारखी पिके घ्यायला तो शेतकऱ्यांना शिकवतो, कारण या पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. १९८१ पासून हे पुस्तक मराठी घरांत वाचले जाते ते यामुळेच की, त्यातली प्रेरणा हवेत तरंगत नाही. ती माती, मुळे आणि हाताने केलेले काम यांतून येते. तुझ्या पत्रातही तू कार्व्हरच्या यशाविषयी फारसे लिहिलेले नाहीस. ‘आपल्याकडच्या जमिनीचे असे का होत नाही?’ हा एकच प्रश्न तू दोनदा लिहिला आहेस. तोच धागा धरावा.

त्या प्रश्नासाठी सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी घे. ती २००२ साली प्रसिद्ध झाली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. शिक्षण घेऊनही नोकरी न मिळालेला आणि शेतीवर परत आलेला एकनाथ हा तिचा नायक आहे. त्याच्या घरातली कष्टाची तयारी कार्व्हरच्या शेतकऱ्यांपेक्षा कमी नाही, समजही कमी नाही. तरीही भाव, कर्ज, पाऊस, नोकरीसाठी मागितला जाणारा पैसा आणि घरातले ताण या सगळ्यांच्या मध्ये ते कष्ट कसे विरून जातात हे ही कादंबरी न घाईने, न आवाज चढवता दाखवते. कार्व्हरनंतर लगेच ती वाचलीस तर मन खट्टू होईल, हे मी आधीच सांगून ठेवतो. पण एका माणसाला जे साधले ते अनेकांना का साधत नाही, हे ज्या वाचकाने पाहिलेले नाही त्याच्याजवळची प्रेरणा पहिल्याच अपयशात ओसरते. चरित्र शक्यता दाखवते आणि कादंबरी त्या शक्यतेची परिस्थिती दाखवते. या दोन्हींची गाठ घालून देणे हे वाचकाचे काम आहे, आणि ते काम दुसरा कोणी त्याच्यासाठी करू शकत नाही.

‘बारोमास’ नंतर लगेच आणखी एक जड पुस्तक घेऊ नकोस. पूर्णचंद्र तेजस्वी यांची ‘कार्वालो’ ही मूळ कन्नड कादंबरी उमा कुलकर्णी यांच्या अनुवादातून मराठीत आलेली आहे, ती घे. एक शास्त्रज्ञ, एक खेडूत तरुण आणि पश्चिम घाटातल्या जंगलात उडणाऱ्या सरड्याचा शोध, इतकेच तिचे कथानक. कार्व्हरमध्ये तुला जे निसर्गाविषयीचे कुतूहल आवडले ते इथे वेगळ्या, खेळकर रूपात भेटेल. शिवाय यातून तुला पुस्तक शोधण्याचा एक मार्गही मिळेल: अनुवादकाचे नाव लक्षात ठेवावे. उमा कुलकर्णी यांच्या नावामागे गेलास की कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’ आणि ‘पर्व’ या मोठ्या कादंबऱ्या मराठीतच मिळतात. पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेची म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट ‘एका कोळियाने’ या नावाने आणली, आणि शांता शेळके यांनी लुइझा मे अल्कॉटच्या कादंबरीची ‘चौघीजणी’ केली. चांगला अनुवादक बहुधा स्वतःला आवडलेलेच पुस्तक निवडतो, म्हणून त्याच्या आवडीवर विसंबायला हरकत नसते.

प्रेरणादायी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुस्तकांविषयी मात्र थोडे स्पष्ट लिहितो. यशाचे नियम सांगणारी, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चौकटीत सुविचार देणारी पुस्तके तुझ्या वयात हाताशी सहज येतात. त्यांनी आठवडाभर उत्साह वाटतो, हे खरे. पण त्यात माणूस नसतो, म्हणून ती लक्षात राहत नाहीत. खरे चरित्र किंवा आत्मचरित्र हाती घेतल्यावर त्यात दोन गोष्टी आहेत का ते पाहावे. पहिली, त्या माणसाचे न जमलेले काम त्यात आले आहे का. दुसरी, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची, त्याच्या कामाची किंमत शेजारच्या माणसांनी काय दिली, हे त्यात लिहिले आहे का. या दुसऱ्या कसोटीसाठी साधना आमटे यांचे ‘समिधा’ वाच. बाबा आमटे यांचे नाव आणि वरोऱ्याजवळचे महारोग्यांसाठीचे आनंदवन सर्वांना ठाऊक आहे. पण माळरानावर घर मांडणे, मुले वाढवणे, आलेल्या प्रत्येकाला सामावून घेणे ही त्या कामाची रोजची बाजू साधनाताईंच्या लेखणीतून समजते.

आणि त्याच्याच जोडीला उद्धव शेळके यांची ‘धग’ ठेव. ही १९६० सालची कादंबरी त्याच विदर्भातली आहे. त्यातल्या कौतिकच्या नवऱ्याला महारोग होतो, आणि त्यानंतर त्या घराचे जे होते ते वाचताना आनंदवनासारख्या जागेची गरज किती खोल होती हे एखाद्या अहवालातून कळणार नाही इतके कळते. कौतिक ही मराठीतल्या सर्वांत ताठ कण्याच्या स्त्रियांपैकी एक आहे, असे माझे मत आहे. ‘धग’मधील संवाद वऱ्हाडी बोलीतले आहेत. ते पहिल्या वीस-पंचवीस पानांत अडतील. तेव्हा पुस्तक मिटू नकोस, संवाद मोठ्याने वाच. कानावर बोली बसली की अर्थ आपोआप लागू लागतो. हीच सवय पुढे लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ या आत्मकथनालाही उपयोगी पडेल.

यानंतरची जोडी मला स्वतःला फार प्रिय आहे, म्हणून तिच्यावर थोडा रेंगाळतो. हरि नारायण आपटे यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० नंतरच्या वर्षांत ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः लिहिली. यमू नावाची मुलगी स्वतःच आपली हकीकत सांगते आहे, असा तिचा घाट आहे. म्हणजे एका पुरुष लेखकाने त्या काळच्या स्त्रीचा आवाज कल्पनेने उभा केला. त्या काळातच वाढलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांनी पुढे उतारवयात आपली खरीच हकीकत लिहिली, आणि ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने पोळलेले बालपण, नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आलेला दुरावा, आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः केलेला धर्मस्वीकार, हे सगळे त्या कमालीच्या सरळ, हसऱ्या भाषेत सांगतात. यमूची गोष्ट वाचून तू हळहळशील. लक्ष्मीबाईंची वाचताना हळहळण्याला त्या जागाच देत नाहीत. दोन्ही पुस्तके पाठोपाठ वाचल्यावर तुझ्या वहीत या फरकाविषयी चार ओळी लिही. कादंबरी काय करू शकते आणि आत्मचरित्र काय करू शकते, हे ज्या त्या वाचकाने अशा जोड्यांतूनच ओळखायचे असते.

आजच्या लेखकांपर्यंत पोहोचण्याचा सोपा रस्ता म्हणजे दिवाळी अंक. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथा या अंकांतून वाढत आली आहे. ग्रंथालयातून जुने-नवे अंक आणावेत, कथा वाचाव्यात, आणि ज्या नावाची कथा मनात राहिली त्याचा संग्रह मागावा. शहरातल्या कामगारांचे जग जाणून घ्यायचे असेल तर जयंत पवार यांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’, आणि खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या मुलाचे मन पाहायचे असेल तर किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’, हे दोन कथासंग्रह मी तुला आवर्जून सुचवीन.

ग्रंथालयाचे सभासदत्व अजून घेतले नसशील तर ते आधी घे. ग्रंथपालाला ‘काहीतरी चांगले द्या’ असे सांगू नये. ‘दुष्काळावरची कादंबरी हवी’, ‘शिक्षकाच्या जीवनावरचे काही आहे का’ असे नेमके विचारावे. शिक्षकाचे विचारलेस तर बहुधा व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ हाती येईल, आणि ती आली की घरी नेच. पुस्तक निवडताना मलपृष्ठावरची स्तुती वाचण्यापेक्षा पहिले पान आणि मधले कोणतेही एक पान वाचावे. दोन्हीकडे लेखक सारखाच जागा असेल तर पुस्तक घ्यावे. जाडीला भिऊ नये, आणि बारीक पुस्तकाला कमी लेखू नये. विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ आकाराने लहान आहे. हिटलरच्या जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या ज्यूंना घेऊन निघालेल्या बोटीवर ती घडते, आणि १९३९ साली, म्हणजे महायुद्ध पेटले त्याच वर्षी, ती मराठीत प्रसिद्ध झाली. साताऱ्याकडे जाणे झाले तर महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलारला एक दिवस दे. २०१७ पासून तिथल्या घराघरांत विषयवार पुस्तके मांडलेली आहेत आणि कोणीही बसून वाचू शकतो. आपल्याला काय आवडत नाही हेही तिथे लवकर समजते, आणि तेही उपयोगाचेच असते.

आता क्रम विचारला आहेस म्हणून सांगतो: आधी ‘बारोमास’, मग ‘कार्वालो’, त्यानंतर ‘समिधा’ आणि ‘धग’ एकापाठोपाठ. आपटे आणि लक्ष्मीबाई मोठ्या सुट्टीसाठी ठेव. ‘बारोमास’ अर्धी झाली की मला पत्र लिही. कार्व्हर एकनाथच्या शेतावर आला असता तर त्याने आधी काय पाहिले असते, माती की कर्जाची वही, याविषयी तुला काय वाटते ते मला वाचायचे आहे.

तुझा शुभचिंतक