मोलॅरिटीचं गणित जमत नाही म्हणून सायन्स सोडावं का?

अकरावीच्या पहिल्या चाचण्या झाल्या की हा प्रश्न समुपदेशनात येतोच. या वेळी तो दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने विचारला. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, विज्ञानात चांगले गुण. आता नाशिकच्या कॉलेजात सायन्सला, रोज एसटीने जाऊन-येऊन. केमिस्ट्रीच्या चाचणीत द्रावणांवरची, म्हणजे लिटरमागे किती पदार्थ विरघळला आहे (मोलॅरिटी) त्याची, सगळी गणितं तिने कोरी सोडली होती. "मॅडम, ती म्हणते मोलॅरिटी दिसली की पुढं काही सुचतच नाही. क्लास लावला तरी तेच. पोरीचं गणितच कच्चं असेल तर आत्ताच आर्ट्सला टाकलेली बरी, नाही का?" (ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील थोडे बदलले आहेत.)

एका प्रकरणावरून शाखा बदलू नये, एवढं त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. पण असा धीर दिल्याने मुलीला गणित येत नाही. गुणपत्रिकेवरूनही काही कळत नाही. वही उघडून पेन नेमकं कुठल्या ओळीवर थांबलं ते पाहावं लागतं. तिच्या वहीत सूत्रं चौकटीत, स्केच पेनने लिहिलेली आणि एकूण एक बरोबर होती. थांबत होतं ते दुसऱ्या ओळीवर: दिलेल्या चार आकड्यांतला कुठला आकडा सूत्रात कुठे घालायचा? तिथे अंदाज, मग खाडाखोड, मग पुढचं गणित.

गणित खरंच कच्चं आहे का, हे तपासायला बागेतलाच प्रश्न विचारला. २०० लिटरच्या टाकीला १० पीपीएम (लिटरमागे १० मिलिग्रॅम) जीए, म्हणजे द्राक्षावर फवारायचं जिबरेलिक ॲसिड, करायचं तर पावडर किती? "दोन ग्रॅम," ती लगेच म्हणाली. आणि ५०० लिटरला २० पीपीएम? "दहा ग्रॅम. आधी थोड्या ॲसिटोनमध्ये विरघळवायची, मग टाकीत." कागद न घेता. म्हणजे एका लिटरमागे २० मिलिग्रॅम, गुणिले ५०० लिटर, बरोबर १०,००० मिलिग्रॅम, हा हिशोब तिच्या तोंडात बसलेला आहे. मोलॅरिटीचा हिशोब हाच. पीपीएममध्ये लिटरमागे मिलिग्रॅम मोजतात, मोलॅरिटीत लिटरमागे मोल, म्हणजे कणांची एक ठरलेली संख्या. संहती (लिटरमागचं प्रमाण) गुणिले आकारमान म्हणजे टाकीत असलेला माल. हे वाक्य तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि चौकटीतली बाकीची सूत्रं काही दिवस बाजूला ठेवायला सांगितली.

मग ग्रॅमवर का भागत नाही, मोल कशाला? कारण अभिक्रिया कणांच्या संख्येने होते, वजनाने नाही. ४० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइडला ३६.५ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड पुरतं, कारण दोन्हीकडे कण सारखेच, एक-एक मोल आहेत. समीकरणातले आकडेही कणांचेच असतात. फवारणीत कुणाची कुणाशी जोडी लावायची नसते म्हणून मिलिग्रॅमवर काम चालतं. जोडी लावायची वेळ आली की मोल लागतोच.

वहीतल्या चुका मोजक्या होत्या आणि पुन्हा पुन्हा त्याच होत्या. पहिली एककाची. १० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवून २५० मिलि द्रावण केलं, मोलॅरिटी काय? तिने १० भागिले ४० करून ०.२५ मोल बरोबर काढले आणि पुढे २५० ने भागलं. उत्तर ०.००१. खरं उत्तर १ मोलर. यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मिलिलिटरमध्ये दिलेल्या गणितात मोलऐवजी मिलिमोल धरायचे. मोलॅरिटी गुणिले मिलिलिटर म्हणजे मिलिमोल, आणि मिलिमोल भागिले मिलिलिटर म्हणजे परत मोलॅरिटी. हजाराने भागणं-गुणणं निघून जातं, आणि लॉग टेबलावर गणित करणाऱ्या मुलांची निम्मी खाडाखोड त्याच्याबरोबर जाते. शिवाय उत्तराकडे एकदा शंकेने बघायची सवय हवी. प्रयोगशाळेतलं तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण १२ मोलर, तीव्र सल्फ्युरिक १८ मोलरच्या आसपास, आणि शुद्ध पाण्यातच लिटरमागे सुमारे ५५.५ मोल पाणी असतं. हे तीन आकडे माहीत असले तर २५० मोलर उत्तर आल्यावर मुलगी स्वतःच मागे वळते.

दुसरी चूक स्फटिकजलाची, आणि तिच्यासाठीही घरातलाच पदार्थ होता. एक टक्का बोर्डो मिश्रणाला (बागेतलं बुरशीनाशक) १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. चुना मिसळण्याआधी समजा एक किलो मोरचूद विरघळवून १०० लिटर द्रावण केलं, तर त्याची मोलॅरिटी काय? तिने कॉपर सल्फेटचं मोलर वस्तुमान (एका मोलचं वजन, ग्रॅममध्ये) १५९.५ धरलं आणि उत्तर ०.०६३ आलं. पण पोत्यातले निळे खडे नुसतं कॉपर सल्फेट नसतात, प्रत्येक एककासोबत पाण्याचे ५ रेणू वजनात मोजले जातात. मोलर वस्तुमान २४९.५ धरायचं. १००० भागिले २४९.५ म्हणजे जेमतेम ४ मोल, भागिले १०० लिटर, उत्तर ०.०४ मोलर. ऑक्झॅलिक ॲसिडचंही तसंच: कॉलेजच्या बाटलीतलं २ रेणू पाण्यासकट १२६, कोरडं ९०. ज्या पदार्थाचं वजन केलं त्याचंच मोलर वस्तुमान घ्यायचं.

इथे आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आणून दिली. मोलॅरिटीत आकारमान द्रावणाचं असतं, घातलेल्या पाण्याचं नसतं. म्हणून स्टँडर्ड फ्लास्कमध्ये पदार्थ आधी कमी पाण्यात विरघळवतात आणि मग खुणेपर्यंत पाणी भरतात. गणितात "५०० मिलिपर्यंत विरल केलं" आणि "५०० मिलि पाणी घातलं" यांत शेवटचं आकारमान वेगळं येतं. इंग्रजी प्रश्न घाईने वाचणारी मुलं इथे हमखास फसतात. शेवटचं आकारमान कुठलं, त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून मगच गणिताला हात घालायचा.

पण हात थांबवणारी खरी चूक तिसरी होती, आणि ती निव्वळ सूत्र पाठ केल्यामुळे होते. एम-१ व्ही-१ बरोबर एम-२ व्ही-२ (एम म्हणजे मोलॅरिटी, व्ही म्हणजे आकारमान). हे सूत्र काय सांगतं? पाणी घालण्याआधी द्रावणात जितके मोल होते तितकेच नंतरही आहेत. फक्त विरल करण्यासाठी ते खरं आहे. मुलं ते दोन द्रावणांच्या अभिक्रियेलाही लावतात. आम्ल आणि अल्कली एकास-एक असतील तर उत्तर योगायोगाने बरोबर येतं, आणि तिथेच सवय पक्की होते. सल्फ्युरिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइड आले की उत्तर दुप्पट किंवा निम्मं. पोटॅशियम परमँगनेट आलं की काहीच्या काही.

१० मिलि ०.१ मोलर ऑक्झॅलिक ॲसिडला आम्लधर्मी माध्यमात २० मिलि परमँगनेट लागलं, परमँगनेटची मोलॅरिटी काढा. सूत्रात आकडे घातले तर ०.०५ येतं, आणि चाचणीआधीच्या वहीत तेच होतं. आता मालाच्या भाषेत पाहू. ऑक्झॅलिक ॲसिड १० गुणिले ०.१, म्हणजे १ मिलिमोल. समीकरण सांगतं की ५ ऑक्झॅलिक ॲसिडला २ परमँगनेट. म्हणून १ ला ०.४ मिलिमोल. ते २० मिलिमध्ये आहेत, म्हणून ०.०२ मोलर. पहिलं उत्तर अडीच पट जास्त होतं, आणि अडीच म्हणजे ५ भागिले २. गुणोत्तर वापरलंच नाही म्हणून नेमकी तेवढीच चूक.

क्लासमध्ये यावर नॉर्मॅलिटीचं, म्हणजे लिटरमागे मोलऐवजी सममूल्य (इक्विव्हॅलंट) मोजणारं, सूत्र देतात. ते बरोबर आहे, वेळही वाचतो. पण त्यासाठी एन-फॅक्टर (एका मोलमागे किती सममूल्य, तो आकडा) लागतो आणि तो परिस्थितीनुसार बदलतो: परमँगनेटचा आम्लधर्मी माध्यमात ५, उदासीन माध्यमात ३. पाठ केलेला ५ सगळीकडे लावणारी मुलं पुष्कळ असतात. आमचं मत असं की अकरावीत आधी समीकरणातल्या गुणोत्तरानेच करावं. तो हात बसला की नॉर्मॅलिटी खुशाल वापरावी.

गंमत म्हणजे ही गोष्ट वहीपेक्षा प्रॅक्टिकलला जास्त स्पष्ट होते, पण तिथे मुलं जर्नल पूर्ण करण्याच्या गडबडीत असतात. ब्युरेट (खाली तोटी असलेली मोजनळी) जे द्रावण भरायचं त्यानेच खळबळून घ्यायची, पण कोनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने. असं का, हे तिला विचारलं. तिने हे दोन्ही नियम प्रॅक्टिकलमध्ये पाळले होते, कारण माहीत नव्हतं. ब्युरेटमध्ये आपण द्रावणाच्या संहतीवर भरवसा ठेवतो. आत पाण्याचे थेंब राहिले तर द्रावण पातळ होतं आणि रीडिंग जास्त येतं. फ्लास्कमध्ये भरवसा मालावर असतो. पिपेटने (ठरावीक आकारमान उचलणाऱ्या नळीने) १ मिलिमोल टाकला, मग तिथे आधीच ५ मिलि पाणी असलं तरी तो १ मिलिमोलच राहतो. उलट फ्लास्क ऑक्झॅलिक ॲसिडने खळबळला तर भिंतींना चिकटलेला जादा माल हिशोबात शिरतो. पिपेट मात्र द्रावणानेच धुवायची, कारण तिच्यातही संहती टिकली पाहिजे. हे समजल्यावर तिने मागची दोन प्रॅक्टिकल्स स्वतःहून पुन्हा वाचून काढली. ऑक्झॅलिक ॲसिड ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचं कारणही तिने शोधलं: थंड असताना अभिक्रिया सुरुवातीला मंद चालते, गुलाबी रंग लगेच जात नाही आणि एंड पॉइंट (अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण) आल्यासारखा वाटतो.

सरावाची पद्धत बदलली, वेळ वाढवला नाही. आधी गणितं न सोडवता फक्त वाट लिहायची: ग्रॅम, मग मोल, मग गुणोत्तर, मग दुसऱ्याचे मोल, मग आकारमानाने भागून मोलॅरिटी. प्रत्येक टप्प्यावर एकक लिहायचं, आकडेमोड करायची नाही. वाट बरोबर आली की दुसऱ्या दिवशी त्याच गणितांची आकडेमोड. पहिल्या पायरीची भीती आणि लॉगची भीती अशी वेगळी होते. समजावताना मराठीत मोठ्याने बोलायचं, कागदावर इंग्रजी संज्ञा लिहायच्या. बसच्या प्रवासात वाट लिहिणं सहज होतं.

दोन द्रावणं मिसळण्याच्या गणितांना आणखी एक सवय लागते: दोन्हीचे मिलिमोल काढून आधी कोण संपतं ते बघणं. ५० मिलि ०.१० मोलर बेरियम क्लोराइड आणि ५० मिलि ०.१२ मोलर सिल्व्हर नायट्रेट घ्या. बेरियम क्लोराइड ५ मिलिमोल, पण त्यातलं क्लोराइड १० मिलिमोल. सिल्व्हर ६ मिलिमोल. सिल्व्हर संपतं, ६ मिलिमोल सिल्व्हर क्लोराइड खाली बसतं, गुणिले १४३.५ म्हणजे ८६१ मिलिग्रॅम. क्लोराइड ४ मिलिमोल उरतं आणि एकूण आकारमान आता १०० मिलि आहे, म्हणून ०.०४ मोलर. मुलं शेवटी ५० नेच भागतात. ताळा प्रभारांचा करायचा: बेरियम ०.०५, त्याचे धन प्रभार ०.१०, क्लोराइड ०.०४ आणि नायट्रेट ०.०६, मिळून ऋण ०.१०. जुळलं. हा ताळा पुस्तकात सहसा देत नाहीत, पण मुलीला तो फार आवडला, कारण उत्तर बरोबर आहे हे उत्तरसूची न बघता कळतं.

वडिलांशी वेगळं बोलणं झालं. त्यांना सांगितलं की रोज मार्क विचारू नका. एमएचटी-सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्के असतो आणि बारावीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन, म्हणजे वरच्यासारखं ब्युरेटचं मोजमाप, येतंच, त्यामुळे हे प्रकरण सोडून चालणार नाही, पण ते भरून काढायला वेळ आहे. शाखा बदलण्याचा विचार कधी करायचा, तेही सांगितलं: वाट लिहिता येऊ लागली, चुका कळू लागल्या आणि तरीही फिजिक्स, बायोलॉजी, केमिस्ट्री सगळ्याच विषयांकडे तिला बसावंसं वाटत नसेल, तर. तेव्हा तिची आवड वेगळ्याने तपासू, आणि आर्ट्सला जाणं म्हणजे हार, असं घरात कुणी म्हणायचं नाही.

पुढच्या चाचणीत तिने एकही गणित कोरं सोडलं नाही. टक्केवारी आणि घनता दिलेली गणितं मात्र अजून चुकतात. त्यांच्यासाठी सुरुवात नेहमी एक लिटर द्रावण धरून करायची. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, घनता १.८४: एक लिटरचं वजन १८४० ग्रॅम, त्यातलं ॲसिड १८०३ ग्रॅम, भागिले ९८, म्हणजे १८.४ मोलर. त्यापासून ५०० मिलि ०.५ मोलर करायचं तर माल हवा २५० मिलिमोल, म्हणजे मूळ ॲसिड १३.६ मिलि. प्रॅक्टिकलला हे करताना शिक्षकांसमोरच करायचं, आणि ॲसिड पाण्यात सावकाश, ढवळत ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. द्रावण निवलं की मगच फ्लास्कच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं, कारण गरम द्रावणाचं आकारमान जास्त असतं आणि थंड झाल्यावर ते खुणेच्या खाली उतरतं.