अंतर तेच, मग येताना दीड तास कमी कसा?

प्रश्न : आईबाबा डिसेंबरात पहिल्यांदाच ताईकडे न्यू जर्सीला चाललेत, मुंबई-नेवार्क डायरेक्ट. नेटवर अंतर दाखवतंय साधारण साडेबारा हजार किलोमीटर, ताशी ९०० चा स्पीड धरला तर चौदा तासांत पोचायला पाहिजे ना? पण एजंट म्हणतो जाताना १६ तास आणि येताना साडेचौदा. तिकिटावर बघावं तर रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी ७ ला पोचणार, म्हणजे साडेपाचच तास! बाबा म्हणतात एजंटनं घोळ घातलाय.
— एक वाचक, सातारा

उत्तर : एजंट बिचारा बरोबर आहे. आधी साडेपाच तासांचं बघू. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, आणि हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. साडेपाच अधिक साडेदहा, झाले की सोळा.

आता किलोमीटरचं. नेटवरचा आकडा म्हणजे पृथ्वीच्या गोळ्यावर दोन गावांत ताणून धरलेला दोरा, जो मुंबईहून थेट पश्चिमेला न जाता वर रशिया, मग आइसलंडजवळून कॅनडावर उतरतो. पण विमानाला तसं जाऊ देतात कुठं? एप्रिल २०२५ पासून आपल्या कंपन्यांना पाकिस्तानचं आकाश बंद, अमेरिकन कंपन्यांना २०२२ पासून रशियाचं, त्यामुळं वळसा आलाच. शिवाय तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, रनवेसाठी लायनीत थांबणंसुद्धा त्यातच.

आणि खरी गंमत वाऱ्याची. तीसचाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जेट स्ट्रीम नावाचा वारा वाहतो, हिवाळ्यात त्याचा जोर जास्त, ताशी दीडदोनशे किलोमीटर सहज. जाताना तो अंगावर येतो, येताना पाठीमागून ढकलतो. बाबांना सांगा सीटसमोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशेबानं विमानाचा वेग, बघत बसा, जाताना कधी ७५० दिसेल तर येताना हजाराच्या वर गेलेला दिसेल, इंजिन तेच आणि पायलटची घाईही तेवढीच.

एअर इंडियानं याचा मस्त फायदा घेतला होता. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूनं, पॅसिफिकवरून नेलं, म्हणजे सुमारे १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त उडूनही साडेचौदा तासांत पोचलं, वारा पाठीशी होता ना! तेव्हा किलोमीटर भागिले स्पीड हे गणित एसटीला ठीक आहे, इथं नको. तिकिटावरचे तास धरा.

तुमच्या ताईला मात्र सांगा, सातच्या ठोक्याला गेटबाहेर गाडी लावून उभी राहू नको. इमिग्रेशनची लाइन, मग बॅगा, त्यात आईनं डबे भरून काय काय नेलं असेल ते कस्टमवाल्यानं उघडायला लावलं तर अजून अर्धा तास. व्हीलचेअर लागणार असेल तर आजच एअरलाइनला कळवून ठेवा.