विसार देण्याआधी दोन तारखा जुळवा

प्रश्न : मुंबई उपनगरातला आमचा वन बीएचके मी २०१२ मध्ये ३८ लाखांना घेतला. तो माझ्या एकट्याच्या नावावर आहे आणि बँकेचे ११ लाख अजून बाकी आहेत. आता ९५ लाखांचं गिऱ्हाईक मिळालंय. त्याने ५१ हजार टोकन दिलं असून तो बाकीचे पैसे कर्ज काढून देणार आहे. ‘१५ लाख रोख घ्या, करार ८० चा करू,’ असं त्याचं म्हणणं. आम्ही पसंत केलेलं घर १ कोटी ४० लाखांचं आहे, रिसेलचं. त्याचा मालक आठवड्यात १४ लाख विसार (सौदा पक्का करण्यासाठीची आगाऊ रक्कम) मागतोय. ६० लाखांचं नवं कर्ज मंजूर झालंय. आधी विकू की आधी घेऊ? कर किती लागेल? नवं घर मुलाच्या नावावर घेतलं तर चालेल का?

उत्तर : तुमच्या पत्राची दीड पानं कराच्या काळजीत गेली आहेत आणि विसार पावतीबद्दल फक्त एक ओळ आहे. माझ्या मते काळजी उलट्या बाजूला हवी. म्हणून कर पटकन आटोपतो.

तुमचा नफा साधारण ५७ लाख. सवलत नसती तर १२.५ टक्क्यांनी सात लाखांच्या वर कर गेला असता. (२३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला इंडेक्सेशनसह, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरत, २० टक्क्यांचा हिशेब करून कमी येईल तो कर भरायची मुभा आहे, पण तुम्हाला तिथवर जावंच लागणार नाही.) राहत्या घराचा दीर्घकालीन नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला की तेवढ्या नफ्यावर कर नाही; हेच १९६१ च्या कायद्यातलं कलम ५४. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले, सवलत तीच राहिली. तयार घर विक्रीच्या आधी १ वर्षात किंवा नंतर २ वर्षांत घ्यायचं. त्यामुळे कराच्या दृष्टीने आधी विका नाहीतर आधी घ्या, फरक नाही. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत नवं घर झालं नसेल, तर न वापरलेली नफ्याची रक्कम बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात (अशाच नफ्यासाठीचं खास खातं) ठेवायची. आणि नवं घर ३ वर्षांच्या आत विकायचं नाही.

मुलाच्या एकट्याच्या नावावर मात्र घेऊ नका. अशाच सवलतीच्या एका प्रकरणात, दत्तक मुलाच्या नावावर घेतलेल्या घरासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती नाकारली आहे. कर्जासाठी बँकेला मुलगा सहमालक हवा असेल तर हरकत नाही, पण तुमचं नाव असू द्या आणि जुन्या घराचे पैसे तुमच्या खात्यातून गेलेले दिसू द्या.

आता रोखीचं. ९५ चं घर ८० ला दाखवलं, तरी रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर बघणारा बघतोच. समजा सरकारी मूल्य ९१ लाख निघालं, तर तुमची विक्री ९१ लाखांचीच धरली जाईल आणि वरचे ११ लाख गिऱ्हाइकाच्या उत्पन्नात मोजले जातील. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होतो, म्हणजे १५ लाखांवर १५ लाख. शिवाय गिऱ्हाइकाची बँक ८० वर कर्ज देणार, ९५ वर नाही. नव्या घराचा मालक तुमच्याकडून ते १५ लाख रोख घेणार आहे का? नसेल तर ते कपाटात ठेवून काय करणार?

आता खरं दुखणं. हिशेब मांडू. ९५ लाखांतून बँकेचे ११ लाख जातील, गिऱ्हाईक १ टक्का टीडीएस म्हणून ९५ हजार कापेल. हातात ८३ लाख ५ हजार. नवं घर १ कोटी ४० लाख, ६ टक्के मुद्रांक शुल्क ८ लाख ४० हजार, नोंदणी ३० हजार. नवं कर्ज ६० लाख धरूनही ५ लाख ६५ हजार कमी पडतात. दलाली आणि टेम्पो वेगळा. तुम्हालाही मालकाला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरायचा आहे. तो परदेशात राहत असेल तर नियम वेगळे, म्हणून आधी विचारा.

तुम्ही पाठवलेल्या विसार पावतीत हे वाक्य आहे : ‘४५ दिवसांत उर्वरित रक्कम न दिल्यास विसार जप्त होईल व व्यवहार आपोआप रद्द समजण्यात येईल.’ मालकच फिरला तर काय, यावर कागद गप्प आहे. ४५ दिवसांत तुमचे पैसे येतील का, हे बघा. साठेखताची (विक्रीच्या कराराची) नोंदणी झाली की गिऱ्हाइकाची बँक आधी तुमचं ११ लाखांचं कर्ज फेडेल. मग तुमच्या बँकेने मूळ कागदपत्रं सोडायची. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३० दिवसांची मुदत दिली आहे. त्यापुढे दिवसाला ५ हजार भरपाई मिळते, पण मुदत पाळणारी बँकही महिना घेऊ शकते. कागद पोचल्यावरच उरलेली रक्कम सुटणार. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी ४५ दिवस पुरत नाहीत. आणि अटीत स्पष्ट लिहिलेला विसार जप्त होऊ शकतो, हे न्यायालयांनी मान्य केलेलं आहे. रक्कम वाजवी होती का, यावर वाद घालता येतो, पण तो वर्षानुवर्षं चालतो.

म्हणून आधी तुमच्या गिऱ्हाइकाशी साठेखत करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, पूर्ण ९५ चं. ५१ हजारांवर कुणाला बांधील समजू नका. मंजुरीचं पत्र हातात घ्या आणि किमान १० टक्के चेकने घ्या. त्यानंतर मालकाला विसार द्या, १४ नाही, ५ लाख. मुदत १२० दिवस मागा, वर ३० दिवस व्याज देऊन. सर्च रिपोर्टमध्ये (मालकीच्या जुन्या नोंदींच्या तपासणीत) दोष निघाला किंवा मालक मागे फिरला तर विसार परत, ही ओळ लिहून घ्या. मालक आठवड्यावर अडून बसला तर ते घर सोडा. मला हे सोपं वाटतं कारण घर माझं नाही, हे कबूल. पण १४ लाख घालवून बसलेले अशील मी पाहिले आहेत.

ताब्याचंही ठरवून ठेवा. विकलेल्या घरात महिनाभर राहायचं असेल तर साठेखतात तसं लिहा आणि लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा; ‘राहा हो, काही नाही’ यावर सामान ठेवू नका. सोसायटी ट्रान्स्फरसाठी जास्त मागत असेल तर २५ हजारांची मर्यादा दाखवा.

विसार पावतीचा बदललेला मसुदा सही करण्यापूर्वी पाठवा, आणि सोबत बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील ते पत्र) व जमा कागदपत्रांची यादी मागवून ठेवा. यादीत २०१२ च्या मूळ कराराची नोंदणी पावती आहे का, ते तेवढं आजच बघा.