सून काळ्या डोळ्यांची आली की घरातले घारे डोळे संपतात का?

तुमचा प्रश्न असा: तुमचे डोळे घारे, आईचेही घारे, मुलाचे मात्र काळे, आणि होणारी सूनही काळ्या डोळ्यांची. काळा रंग प्रभावी असतो असं शाळेत शिकलात. मग दर पिढीत काळे वाढत जाऊन शे-दोनशे वर्षांत घारे डोळे नामशेष होतील का?

नाही होणार. मी इंदूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आणि दर वर्षी नव्या वर्गात कुणीतरी हाच प्रश्न विचारायचं. सगळा घोळ 'प्रभावी' या शब्दाने घातलाय. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. दोन वेगळ्या प्रती एकत्र आल्या तर कुणाचं चालतं, एवढंच तो शब्द सांगतो. घरात ज्याचा आवाज मोठा त्यालाच मुलं जास्त होतात, असं कुठे असतं?

आकड्यांत बघा. (डोळ्यांच्या रंगात खरं तर बरीच जनुकं असतात, त्यातली मुख्य पंधराव्या गुणसूत्रावर. सोयीसाठी एकच धरू.) समजा १०० माणसांत ४ घाऱ्या डोळ्यांची आहेत. एकूण प्रती २००. डोळे घारे दिसायला दोन्ही प्रती घाऱ्याच्या लागतात, म्हणून या चौघांकडे घाऱ्याच्या ८ प्रती. पण हिशेब मांडला (शंभरात ४ म्हणजे पाचात एक गुणिले पाचात एक, म्हणून दर पाच प्रतींत एक घाऱ्याची) तर आणखी ३२ माणसं अशी निघतात की डोळे काळे, आणि एक प्रत घाऱ्याची. म्हणजे घाऱ्याच्या ४० प्रतींपैकी ३२ काळ्या डोळ्यांच्या माणसांत लपलेल्या. लग्नं डोळे बघून ठरत नसतील, तर पुढच्या पिढीतही प्रमाण २००त ४० हेच, आणि त्याच्या पुढच्याही. नुसत्या सरमिसळीने काही बदलत नाही.

ही शंका तुमच्या आधी मोठमोठ्यांना आलेली आहे. आखूड बोटांचा गुण प्रभावी आहे, तर सगळ्यांचीच बोटं आखूड का होत नाहीत, अशी चर्चा केंब्रिजच्या पनेट या जनुकशास्त्रज्ञाला छळत होती. त्याने ती आपल्या क्रिकेटच्या सोबत्यापुढे, गणिती हार्डीपुढे ठेवली. हो, रामानुजनला बोलावून घेणारा तोच हार्डी. त्याने १९०८ साली वर मांडलाय तोच हिशेब छापला. त्याच वर्षी जर्मनीत वाइनबर्ग नावाच्या डॉक्टरनेही स्वतंत्रपणे तो मांडला होता.

मग प्रमाण बदलतं कशाने? एक तर निव्वळ योगायोगाने, आणि याचं मला फार कौतुक. वर्गात मी स्टीलच्या डब्यात १० काळे आणि १० पांढरे वाटाणे घालायचे. न बघता एक उचलायचा, रंग लिहायचा, परत टाकून डबा हलवायचा. असं वीसदा. जे प्रमाण येईल त्या प्रमाणात डबा नव्याने भरायचा, ती पुढची पिढी. एका वर्षी एका टेबलावर काळे १०चे १२ झाले, मग ११, मग १४, पुन्हा १३... आणि सतराव्या पिढीला डब्यात पांढरा औषधालाही उरला नव्हता. शेजारच्या टेबलावर नेमके काळे संपत आलेले. कुणी कुणाला मारलं नाही, कुणी सरस नव्हतं. चार हौशी मुलींनी ४०० वाटाण्यांचा डबा केला होता, तर तासाभरात त्यांची जेमतेम एक पिढी झाली आणि २००चे झाले १९३. डबा लहान तेवढी डगमग जास्त. याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात, आणि एकदा का पांढरा संपला की तो आपोआप परत येत नाही. बाहेरून आणावा लागतो, नाहीतर नवं उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात अचानक बदल, व्हावा लागतो, जो फारच क्वचित होतो.

आपलंच घ्या. होळकरांबरोबर माळव्यात आलेली मराठी घरं किती असतील? डबा लहानच. पण तो बंद कधीच नव्हता. सून पुण्याची, जावई नागपूरचा, हे पिढ्यानपिढ्या चाललंय. हिशेबाने पिढीला एखाद-दुसरं माणूस बाहेरून येत राहिलं, तरी दोन समाजांची प्रमाणं फार फाकत नाहीत. इंदूरच्या रामबागेतल्या आज्या सुनेच्या माहेरच्या आमटीला नावं ठेवत ठेवत हेच काम करत आल्या.

उरली नैसर्गिक निवड, म्हणजे जगायला मदत करणारं जनुक वाढणं आणि नडणारं घटणं. तिचं उदाहरण आमच्यापासून लांब नाही. झाबुआ, आलीराजपूर, बडवानीकडच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं. दोन्ही प्रती तशा असतील तर गंभीर आजार, एकच असेल तर माणूस सहसा ठणठणीत, वर फॅल्सिपेरम या घातक मलेरियापासून बरंच संरक्षण. ॲलिसन नावाच्या संशोधकाने १९५४ साली पूर्व आफ्रिकेत हे दाखवलं. त्यामुळे मलेरिया असेल तिथे हे जनुक ना संपतं ना सगळीकडे पसरतं, मध्येच कुठेतरी तोल धरून बसतं.

इथे विद्यार्थी हमखास चुकायचे, आजार कमी झाला की जनुकही कमी होतं असं त्यांना वाटायचं. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ला आमच्याच राज्यातल्या शहडोलहून सुरू झाली. तपासणी करून दोन वाहकांना (म्हणजे एकच प्रत असलेल्यांना) लग्नाआधी सल्ला द्यायचा, हा तिचा एक भाग. त्याने आजारी मुलं जन्माला येणं कमी होईल, पण जनुकाचं प्रमाण त्याने घटणार नाही. वाहकाने वाहक नसलेल्याशी लग्न केलं तरी निम्म्या मुलांत प्रत जाणारच. उलट दोन प्रतींची मुलं दगावून जनुक जेवढं कमी व्हायचं, तेही थांबेल. आणि त्यात वाईट काही नाही, वाहक आजारी नसतो. शिवाय लपलेली प्रत निवडीला सापडतच नाही. अप्रभावी जनुकाच्या दोन प्रतींचं एकही मूल जगत नाही असं धरलं, तरी शंभरातल्या एका प्रतीचं प्रमाण अर्ध्यावर यायला १०० पिढ्या लागतात. पिढी २५ वर्षांची धरली तर अडीच हजार वर्षं.

आता तुमच्या घराचा हिशेब. तुमचे घारे, म्हणजे मुलाकडे एक प्रत आहेच. ती नातवंडाला जाण्याची शक्यता निम्मी. वरचंच प्रमाण धरलं तर काळ्या डोळ्यांच्या ९६ जणांत ३२ वाहक, म्हणजे सून वाहक असण्याची शक्यता तिनात एक, आणि तिने ती प्रत पुढे देण्याची सहात एक. दोन्ही मिळून नातवंड घाऱ्या डोळ्यांचं होण्याची शक्यता बारात एक. पण साखरपुड्याला विहीणबाईंच्या आणि व्याह्यांच्या डोळ्यांकडे जरा नीट बघून घ्या. त्यांच्यापैकी एकाचेही घारे असले, तर बारात एकची चारात एक होते.