उन्हाळी भाजी आणि वावरातली कुत्री

भाऊ, भेंडी, गवार, चवळी फेब्रुवारीतच लाव. मार्च सरला की आपल्याकडचं ऊन कोवळं रोप तगू देत नाही. सांभार, म्हणजे कोथिंबीर, कडुनिंबाच्या सावलीत टाक.

कुत्री ओल्या वाफ्यात लोळतात ती खोडी म्हणून नाही. आपल्यासारखा अंगभर घाम त्यांना येत नाही, म्हणून गारवा शोधतात बिचारी. मारू नको. ओलित करताना आधी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडाखाली एक खड्डा त्यांच्यासाठी ओला कर, बाजूला पाणी ठेव. वाफ्यांभोवती बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, लाव. बरीच रोपं वाचतात. उंदराचं औषध, औषध लावलेलं बियाणं कधीच उघडं नको. रेबीजची लस दरवर्षी टोच. आणि वावर जंगलाला लागून असेल तर रात्री त्यांना गोठ्यात कोंड, बिबट्या कुत्रं सोडत नाही.