फिट ठराविक वेळीच का येते?

झोपेच्या वेळा ठरवणाऱ्या जैविक घड्याळाच्या जनुकांचा फिटशी काय संबंध, याबद्दल मोबाइलवर अर्धवट वाचून बऱ्याच जणांनी विचारले आहे. त्यातले काही प्रश्न घेते.

शरीराचे घड्याळ चालवणारी जनुके बिघडली की फिट येते का?

उंदरांत तसे दिसले आहे. २०१७ साली वॉशिंग्टनच्या संशोधकांनी, औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी (फिट येण्याच्या आजारासाठी) शस्त्रक्रियेत काढलेला मेंदूचा भाग तपासला. त्यात जैविक घड्याळाचे ‘क्लॉक’ हे प्रथिन कमी भरले. उंदरांच्या मेंदूतील उत्तेजक (इतर पेशींना चेतवणाऱ्या) पेशींतून हे प्रथिन बनवणारे जनुक काढल्यावर त्यांना झोपेत फिट येऊ लागल्या. यावरून माणसांसाठी औषध निघालेले नाही.

लाळेवरून ‘बॉडी क्लॉक जीन टेस्ट’ करू का? पॅकेजवर सूट आहे.

नको. लहान मुलांच्या काही अपस्मारांत जनुकीय तपासणी लागते, पण ती तुमचे डॉक्टर लिहून देतील.

मुलगी बारावीत आहे, रात्री दोनपर्यंत जागते. सकाळी ब्रश हातातून उडतो. परवा फिट आली. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, परीक्षा होऊ दे.

परीक्षेपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. उठल्यावर तासाभरात हात झटकणे, वस्तू उडणे आणि जागरणानंतर फिट, हे ज्युवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीचे, म्हणजे किशोरवयात सुरू होणाऱ्या एका अपस्माराचे, नेहमीचे चित्र आहे. घरोघरी त्याला वेंधळेपणा म्हणतात, मुलीला बोलणी बसतात आणि मोठी फिट येईपर्यंत कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही! ओळखीच्याची गोळी तर मुळीच देऊ नका. कार्बामाझेपिन या फिटवरच्याच गोळीने हे झटके वाढू शकतात. व्हॅल्प्रोएट हे औषध गुणकारी आहे, पण गरोदरपणात बाळाला त्यापासून धोका असतो. मुलीसाठी औषध निवडताना हे डॉक्टरांशी आत्ताच बोला. झटक्यांचा व्हिडिओ काढा. किती वाजता झोपली, कधी उठली, झटका कधी आला, हे वहीत लिहा. ती वही ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) इतकीच कामाची असते. आणि जागरण आजपासून बंद. अभ्यास दिवसा होईल.

फिट आल्यावर कांदा हुंगवावा का?

नाही. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

मला फिट पहाटेच येते. दोन्ही गोळ्या रात्रीच घेऊ?

स्वतःच्या मनाने नको. काहींना रात्रीचा डोस वाढवून देतात, पण कोणती गोळी किती तास टिकते त्यावर ते ठरते. फिटच्या वेळांची नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा.