‘बिलिंग’ लागतं, ‘हिशोब’ लागत नाही

प्रश्न : दादा, सियागंजात आमचं किराण्याचं होलसेल दुकान आहे, खाली गल्ला वर गोदाम, मिळून ९ कॉम्प्युटर. बिलिंगच्या मशीनचा आयपी १९२.१६८.१.२५ सगळ्यांना पाठ करावा लागायचा म्हणून मी एका जुन्या डबड्यावर लिनक्स टाकून बाइंड, म्हणजे नाव विचारलं की आयपी सांगणारा डीएनएस सर्व्हर, बसवलं आणि दुकान.इंटर्नल नावाचा झोन, म्हणजे आमच्या नावांची यादी, हाताने लिहिला. ‘बिलिंग’चा ए रेकॉर्ड (नाव आणि त्यापुढे आयपी) मस्त चालतो. पण काका त्याला ‘हिशोब’च म्हणतात, म्हणून ‘हिशोब’चा सीनेम (त्याच मशीनचं दुसरं नाव) बिलिंग.दुकान.इंटर्नलवर लावला, तर तो काही केल्या लागत नाही. शिवाय काकांच्या लॅपटॉपवर ‘बिलिंग’ पण कधी लागतं कधी नाही. काका म्हणतात आकडेच बरे होते. — एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : काकांना म्हणावं आठ दिवस दम धरा. भिया, तुझ्या सीनेमच्या ओळीत बाकी सगळं ठीक आहे, फक्त शेवटी टिंब नाही, आणि घोळ तिथेच झालाय. झोन फाइलमधे ज्या नावाच्या शेवटी टिंब नाही ते अर्धवट आहे असं समजून बाइंड त्याला मागून झोनचं नाव चिकटवतं, म्हणजे तू लिहिलंस बिलिंग.दुकान.इंटर्नल आणि त्याने वाचलं बिलिंग.दुकान.इंटर्नल.दुकान.इंटर्नल, आता असं कोणी तुझ्याकडे आहे का? ए रेकॉर्ड चालला कारण तिथे तू नुसतं ‘बिलिंग’ लिहिलंयस, मागचं त्याने जोडलं ते बरोब्बर बसलं. तेव्हा एक तर टिंब दे, नाहीतर सीनेमच्या पुढेही नुसतं ‘बिलिंग’ लिही. मी यातलं दुसरं करतो, टिंब विसरायची भीतीच नको.

झोन तपासायची नेम्ड-चेकझोन ही कमांड आहे, पण ती नुसती चालवलीस तर ती ओके म्हणून मोकळी होईल, कारण टिंब नसलेली ओळही नियमात बसते. तिला डॅश आणि कॅपिटल डी लाव, मग अख्खा झोन पूर्ण नावांसकट स्क्रीनवर येतो आणि असं डबल झालेलं नाव लगेच डोळ्यात भरतं.

फाइल बदललीस की एसओए या झोनच्या पहिल्या रेकॉर्डमधला सीरियल, म्हणजे फाइलच्या आवृत्तीचा नंबर, वाढव, वर्ष-महिना-तारीख आणि मागे दोन आकडे असा ठेवतात, आणि मग रीलोड कर. तुझा एकच सर्व्हर आहे म्हणून न वाढवता पण चालून जाईल पण सवय लाव, कारण दुसरा सर्व्हर असला तर तो हा आकडा वाढला तरच नवी नक्कल घेतो. एका ऑफिसात मी विसरलो होतो, पहिला सर्व्हर नवा आयपी सांगत होता आणि दुसरा जुनाच, अर्ध्या लोकांचं काम चालू अर्ध्यांचं बंद, दिवसभर केबली उपटून बघितल्या तेव्हा कुठे सापडलं.

आता काकांचा लॅपटॉप. मला खात्री आहे त्यात दोन डीएनएस आहेत, एक तुझा आणि दुसरा ८.८.८.८, ‘असू दे, पहिला बंद पडला तर’ म्हणून टाकलेला. गूगलच्या त्या सर्व्हरला तुझ्या दुकानातलं काय माहीत, त्याला विचारलं की तो ‘असं नाव नाही’ सांगतो आणि विंडोज ते खरं मानून गप्प बसतं, तुझ्या सर्व्हरला परत विचारत नाही. राउटरच्या डीएचसीपीत (मशीनांना आयपी आणि डीएनएस वाटतं ते) फक्त तुझा सर्व्हर ठेव आणि ८.८.८.८ बाइंडच्या फॉरवर्डर्समधे टाक, म्हणजे बाहेरची नावं बाइंडच त्याला विचारेल. नंतर लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस कर, कारण मिळालेलं ‘नाही’ पण मशीन काही वेळ लक्षात ठेवतं.

इंटर्नल हे नाव छान निवडलंस, इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या आयकॅनने २०२४ मधे ते असल्या आतल्या कामासाठीच राखून ठेवलंय. लोक डॉट लोकल ठेवतात, ते एमडीएनएसचं (सर्व्हरशिवाय आसपासची मशीनं शोधायची पद्धत) आहे, मग प्रिंटर शोधताना दोघांची जुंपते.

आणि कोणी म्हणेल कशाला एवढं, नऊही मशीनच्या होस्ट्स फाइलमधे (मशीनमधली नाव-आयपीची यादी) लिहून टाक, तर इंटरनेटचा पूर्वज अर्पानेट असंच एका होस्ट्स फाइलवर चालायचं, ती सांभाळता सांभाळता लोक दमले तेव्हा १९८३ मधे पॉल मॉकापेट्रिसने डीएनएस काढलं.

फक्त आता ते डबडं बंद पडलं तर अख्ख्या दुकानाचं नेट गेल्यासारखं होईल, तेव्हा त्याला यूपीएसवर घे, गल्ल्यावरच्या पंख्याच्या बोर्डात खुपसू नको.